इंग्लंड, अमेरिका आणि माझी हिरवी नळी

बडोद्याच्या मराठी मंडळींत मला नावानं ओळखणारे थोडेच आहेत. बाकीच्यांसाठी मी 'इंग्लंड' आहे. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, भाजी घेताना कुणीतरी हमखास विचारतं, "काय इंग्लंड, आज एकट्याच? अमेरिका कुठंय?" मी हसते. हसताना पोटात काय दुखतं ते माझं मला माहीत.

अमेरिका म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायचो, मी अर्थशास्त्र आणि ती राज्यशास्त्र. एका उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेला पाहुणे वक्ते ऐनवेळी येईनात, तेव्हा चिटणीसांनी आम्हाला उभं केलं. विषय आम्हीच निवडला: दुसऱ्या महायुद्धात पैशानं दोस्त राष्ट्रांच्या दोस्तीचं काय केलं. मी खजिन्याचं बोलायचं, तिनं मुत्सद्देगिरीचं. ते वाटपही जणू रक्तातूनच आलेलं. आमच्या घरचे पूर्वज संस्थानच्या हिशेबखात्यात, तिच्या घरचे दरबारच्या पत्रव्यवहारात. हिशेब करणारे आतल्या खोलीत बसतात आणि पत्रव्यवहार करणारे पाहुण्यांबरोबर जेवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

नुसतं बोललो तर लोक पंख्याखाली डुलक्या घेतील म्हणून तिनं सुचवलं, आपण दोन देशच होऊ या. "तू इंग्लंड हो," ती म्हणाली, आणि मी झाले. कुणी विचार करायलाही वेळ घेतला नाही. ती उंच, रेशमी साडी अंगावर शोभणारी, बोलायला लागली की समोरचा खुर्चीत पुढे सरकतो अशी. मी बुटकी, चष्मेवाली, आवाज बसका. आम्हा दोघींकडे पाहून कर्ज कोण मागत असेल हे कुणीही सांगितलं असतं.

पहिल्याच वर्षी ते लोकांना इतकं आवडलं, की मग दर उन्हाळ्यात आमचा तोच कार्यक्रम व्हायला लागला. व्याख्यानाचा जीव होता एका नळीत. युद्धाच्या सुरुवातीला इंग्लंड रोख मोजून अमेरिकेकडून माल घेत होतं. रोख संपली. मग अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या लोकांना दाखला दिला, की शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बागेची नळी आधी द्यावी, किंमत मागत बसू नये, आग विझली की त्यानं नळी परत करावी. हा प्रसंग आम्ही खरी नळी घेऊन करायचो. मी पदर खोचून धावत यायची, "आग लागली गं, नळी देतेस?" म्हणायची. ती खुर्चीतून सावकाश उठायची, नळीचं वेटोळं माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "घे. आग विझल्यावर बोलू." त्या "बोलू"वर सभागृह हसायचं, कारण पुढे ती काय काय बोलली ते सगळं ऐकायला मिळायचं: साम्राज्याचा व्यापार आम्हाला खुला कर, युद्ध संपताच मदत बंद, आणि मग नवं कर्ज हवं तर तुझा पौंड आमच्या अटींवर चालव. मदत घेताना खांद्याला खांदा लावून उभं असलेलं इंग्लंड हळूहळू दारात उभं राहायला लागलं, हे आम्ही दोघी बोलून दाखवायचो.

आता गंमत अशी, की ती नळी माझी. शहराच्या कडेला, तरसालीतल्या माझ्या बागेतली, हिरवी, एका टोकाला पितळी तोटी. ती राहते जुन्या शहरात, वाडी भागात; तिथल्या तिच्या पोळात, घराला घर चिकटलेल्या गल्लीत, बागच नाही, तर नळी कुठून असणार? दरवर्षी मी ती नळी पुसून, पिशवीत भरून घेऊन जायची, तिच्या खुर्चीखाली ठेवायची, आणि मग सगळ्यांसमोर तीच नळी तिच्याकडे मागायची. माझीच नळी मला उसनी देऊन ती टाळ्या घ्यायची. अशी किती वर्षं मी जळत राहिले. तिची साडी, तिचं टायमिंग, तिच्याकडे आधी जाणारं श्रीफळ, नंतर तिच्याभोवती पडणारा घोळका, सगळ्यावर जळले.

माझ्याकडे एकच जागा होती जिथं मी भिकारी नव्हते. शेवटी शेवटी मी चष्मा सारखा करून इंग्लंडचं एक वेगळं कर्ज सांगायची, हिंदुस्थानचं. युद्धात इथून कापड गेलं, धान्य गेलं, माणसं गेली, आणि त्याचे पौंड लंडनमध्ये आपल्या नावावर जमा होत राहिले. कागदावर आपण सावकार. इकडे मात्र भाव आभाळाला भिडले आणि लोक उपाशी मेले. युद्ध संपल्यावर त्या सावकाराला आपलेच पैसे मिळवायला ताटकळावं लागलं. हा भाग माझा होता. मी त्यावर उमेदीची वर्षं घातली होती. तेव्हा सभागृहात कुणी हसायचं नाही, आणि खुर्चीत बसलेली अमेरिका माझ्याकडे मान वर करून बघायची. ते बघणं मला टाळ्यांपेक्षा हवं असायचं.

यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला. "अगं, यंदा आपण रशियाला घेऊ या."

"कुठल्या रशियाला?"

"माझ्या जुन्या डिपार्टमेंटला लागलेली नवी मुलगी. डभोईची. फार हुशार आहे. सध्या युरोपात युद्ध चाललंय, मदत देणारे आता खनिजांचे करार पुढे करतायत, लोकांना हे सगळं ऐकायचंय. तिसरा दोस्त आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही."

मी "हो" म्हटलं. अमेरिकेनं फोन करून सांगितलं होतं, विचारलं नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

तालीम तिच्या घरी ठरली. मी पोचले तेव्हा रशिया आधीच येऊन बसली होती, ज्या खुर्चीत नेहमी मी बसते तिथं. तिशीची, केस खांद्यापर्यंत, मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरणारी. "मॅडम, तमे बेसो ने," म्हणत उठली, पण माझ्या खुर्चीवरची तिची ओढणी तशीच राहिली. दोघींचं आधी बरंच ठरलं होतं. तिघांच्या परिषदेचा प्रसंग होता. त्यात अमेरिका रशियाला खूश करायला तिच्यासमोरच इंग्लंडची थट्टा करते, आणि रशिया खो खो हसते. इतिहासात असंच झालं होतं, मी ते पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंय. पण शिकवणं वेगळं आणि तिथं चष्मा पुसत उभं राहणं वेगळं. मैत्रीण माझ्या चालण्याची नक्कल करत होती, आणि ती पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती.

"जास्त होतंय का गं?" मैत्रिणीनं विचारलं.

"छे, बराबर आहे," मी म्हटलं. "इंग्लंडची लायकी तीच."

"आणि एक," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिंदुस्थानचा भाग यंदा काढावा लागेल. वेळ पुरत नाही. शिवाय तिघींच्या गोष्टीत तो जरा बाजूला पडतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला हे म्हणता आलं. तिला, जी माझ्याकडे मान वर करून बघायची. मी कप उचलला. चहा प्यायले, चहात साखर जास्त होती, कारण रशियाला तशी लागते.

व्याख्यानाच्या दिवशी मी नेहमीसारखी नळी पुसून पिशवीत भरून नेली. व्यासपीठावर चढले तर तिच्या खुर्चीखाली आधीच एक नळी होती. नवी कोरी, निळी, बाजाराचा वास अजून न गेलेली.

"रशियानं आणली," मैत्रीण म्हणाली. "तुझी गळते ने हल्ली. आत उरलेलं पाणी लोकांच्या साड्यांवर नको सांडायला."

मी माझी पिशवी पडद्यामागे ठेवली. माझी नळी खरंच गळत होती, आणि हेच मला जास्त लागलं.

पहिला भाग ठीक झाला. मी धावत आले, नळी मागितली, तिनं ती निळी नळी माझ्या हातात ठेवली, लोक हसले. मग परिषदेचा प्रसंग आला. तिनं माझी थट्टा केली, लोक आणखी हसले. आणि मग तालमीत नव्हतं ते घडलं. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि वळून रशियाच्या हातात ठेवली. "घे," ती हसून म्हणाली. "आग विझल्यावर बोलू."

इतिहासाला धरूनच होतं ते. अमेरिकेनं रशियालाही माल दिलाच होता. सभागृह टाळ्या वाजवत होतं. पण ते वाक्य माझं होतं. म्हणजे बोलायची ती, पण मला बोलायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिच्यावर जळते, तिच्या जागेवर, तिच्या टाळ्यांवर. त्या क्षणी कळलं की अमेरिका व्हायची मला कधी हौसच नव्हती. तिनं दुसऱ्या कुणाला नळी देऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मी पडद्यामागे गेले, पिशवीतून माझी हिरवी नळी काढली आणि व्यासपीठाच्या कडेला येऊन उभी राहिले. रशियाचं वाक्य अर्धवट राहिलं.

"ही पण एक नळी आहे," मी म्हटलं. "ही इंग्लंडला हिंदुस्थाननं दिली. हिच्याबद्दल यंदा कुणी बोलणार नव्हतं." आणि मी माझा भाग सांगायला लागले. कापड, धान्य, माणसं, लंडनमध्ये साठलेले पौंड, इथले उपाशी लोक. आवाज बसका होता तो बसकाच राहिला, पण थरथरला नाही. सभागृह चिडीचूप झालं. मी म्हटलं, "युद्धानंतर इंग्लंडपुढे दोन सावकार उभे होते. एक श्रीमंत, एक गरीब. इंग्लंडनं कुणाच्या दारात आधी जायचं?"

मी अमेरिकेकडे पाहिलं. ती खुर्चीत बसली होती, मान वर करून माझ्याकडे बघत होती. अगदी तशीच. मग ती सावकाश उठली, पदर सारखा केला आणि बोट नाचवत म्हणाली, "माझ्याकडून कर्ज घे हवं तर. पण माझ्या पैशातून हिंदुस्थानचं देणं फेडायचं नाही हं!"

सभागृह फुटलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेतले उभे राहिले. आणि ते ऐतिहासिकदृष्ट्याही अचूक होतं, अमेरिकेला नेमकी तीच भीती होती. मी माझं सगळं आयुष्य त्या व्यासपीठावर ओतलं, आणि टाळ्या तिनं एका वाक्यात नेल्या. मला तिचा गळा धरावासा वाटला. आणि हेही वाटलं, की हे वाक्य तिनं मला उद्देशून म्हटलंय, रशियाला नाही.

कार्यक्रम संपल्यावर चिटणीस माझ्याकडे आले. "बेन, एकदम सरस! पुढच्या वर्षी हिंदुस्थानच्या देण्यावर तुम्ही एकट्याच बोला. पूर्ण संध्याकाळ तुमची." मी लगेच हो म्हटलं. हेच तर मला हवं होतं.

दरवर्षी कार्यक्रमानंतर ती मला स्कूटरवर तरसालीला सोडते, साठी उलटली तरी. मध्ये नळीची पिशवी असते आणि वाटेत आम्ही सेवउसळ खातो. यंदा बाहेर आले तर मागच्या सीटवर रशिया बसलेली. "हिची डभोईची गाडी चुकेल गं," मैत्रीण म्हणाली. "तू चिटणीसांच्या मोटारीतून जा, हां? आणि काय बोललीस! मी गारच पडले." ती निघून गेली. मी मोटारीत मागे बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच्या व्याख्यानाची तयारी सुरू केली. बागेत येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलायची माझी सवय आहे. सगळं नीट चाललं. "इंग्लंडनं कुणाच्या दारात आधी जायचं?" इथपर्यंत आले आणि थांबले. पुढचं मला पाठ होतं, तरी मी थांबून राहिले. मग पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं आणि पुन्हा तिथंच थांबले. जास्वंदीला पाणी घालायला नळी सोडली तर ती मधोमध फाटली होती. व्यासपीठावर मी ती फार पिळली असणार.

तरसालीच्या नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं हव्या त्या रंगाची नळी मिळते. रविवारी सकाळी मी तिला फोन लावला.

"ती निळी नळी आहे का तुझ्याकडे? माझी फाटली. देतेस?"

ती तिच्या त्या सावकाश आवाजात म्हणाली, "घे. आग विझल्यावर बोलू."

मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. तेवढ्यात फोनमध्ये मागून एक तरुण आवाज ऐकू आला, "कोण छे, मॅडम?" आणि मैत्रीण तिला म्हणाली, "आपलं इंग्लंड," आणि दोघी हसल्या. मला विचारायचं होतं की डभोईची रशिया रविवारी सकाळी सकाळी वाडीत काय करतेय. पण नळी मला हवी होती. मी विचारलं नाही.