पाय पाहून वाजवणारा

आमचा मेटल बँड अमरावतीत इतका गाजला होता, का शेजाऱ्यायनं दोनदा पोलिसाले बोलावलं. कापसापायी आमचे बाप हैरान होते अन् आमी त्याच्यावरच गाने करून बोंबलून राहिलो होतो. तरी अकोल्याच्या स्पर्धेत शेवटचेच आलो! मंग आमच्या गिटारवाल्याले साक्षात्कार झाला, "आदिवासी ताल घालू बे, डायरेक्ट जागतिक होऊ!"

रेकॉर्डर घेऊन धारणीची यष्टी पकडली, पुढं जीपनं जंगलातल्या एका कोरकू आदिवासी गावात गेलो. तिथं ढोलवाला भेटला. त्याचं नाव इचारनं बी सुचलं नाही, एवढे आमी जागतिक झालतो.

त्यानं ढोल शेकोटीजवळ तापवला, चामड्यावर टिचक्या मारून कान लावला अन् हात ढोलावर ठेवून बसला.

"काका, वाजवा नं!" मी म्हनलो.

"नाचनार कोन?"

"कोनी नाही. रेकॉर्ड करनं हाय फक्त."

"पाय पाहून हात चालते, भाऊ. पायच नाही, त वाजवू काय?"

मंग कवटीवाले काळे टी-शर्ट घालून आमी चौघं नाचलो. गावातल्या म्हाताऱ्या पदर तोंडाले लावून हासे. तो आमच्या पायावरची नजर काढेच ना. आमी अडखळलो का त्याचा हातबी अडखळे. सगळं तसंच रेकॉर्ड झालं.

औंदा अकोल्यात आमच्या गान्याखाली तेच रेकॉर्डिंग वाजवलं. पहिला नंबर! परीक्षक म्हनले, "हा खरा जंगलाचा ताल!"

आमी चौघायनं गंभीर तोंड करून माना हालवल्या. त्याच्यात जंगल किती होतं मले मालूम नाही, माहे अडखळलेले पाय मातर मी लगेच वळखले.