पाद्रीबुवांची दक्षिणा

१९९४च्या फेब्रुवारीतला एक बुधवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सव्वा डॉलर. हजर: आई, माझी पत्नी सुनंदा, मी आणि एक म्हातारे वेल्श पाद्री. अमेरिकेत श्रूजबरीतल्या आमच्या घरातली ही हकिकत घडली तशी लिहितो.

साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या आईला नोव्हेंबरात अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येई, पण तीन महिन्यांत एक शब्द फुटला नव्हता. मी रोज देवापुढे बसत होतो. खरं सांगायचं तर, ऐकणारं कुणी आहे का, ही शंका मनात धरूनच.

सकाळी सहा चाळीसला रेडिओवर या पाद्रींचं चार मिनिटांचं चिंतन लागे. मी रेडिओ लावायचो तो बर्फाच्या बातमीसाठी. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचा आवाज चढत चढत गाण्यात शिरे, तेव्हा आजारापूर्वी ती म्हणायची, "हे बुवा कीर्तनातले आहेत रे!" आजारातही त्या चार मिनिटांत तिचे ओठ हलत. मग त्यांनी निवृत्ती जाहीर केली. जुन्या टेप मिळतील का, असं मी पत्र लिहिलं. ओठ कोणत्या दिवशी किती वेळा हलले, तेही कळवलं. सुनंदा म्हणाली, "अहो, हे पत्र आहे की ऑडिट रिपोर्ट?"

पत्राचं उत्तर आलं नाही. बर्फ तुडवत ते स्वतःच आले, टेपांचा खोका घेऊन. दारातल्या चपला बघून त्यांनी न सांगता बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. चहा घेताना म्हणाले, वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या गावात त्यांचं चर्च होतं. खाणीत फुप्फुसं गेलेली माणसं तिथवर चालत येऊ शकत नसत. त्यांच्यापर्यंत पोचायला ते रेडिओवर गेले. पुढे अमेरिकेत तेच काम, आणि त्याच चिंतनांची तीन पुस्तकं. "माझा श्रोता नेहमी अंथरुणावरच असतो," ते हसून म्हणाले.

मग आईजवळ बसून ते त्यांच्या वेल्श भाषेत बोलले. आम्हा कुणालाच त्यातलं काही कळलं नाही. आवाज चढला, गाण्यात शिरला. संपल्यावर आईने डावा हात देव्हाऱ्याकडे केला. सुनंदाने बुक्क्याची डबी पुढे धरली. आईने त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि म्हणाली, "सव्वा."

मी हिशेबी माणूस, पण मलाच कळेना. सुनंदा रडत रडत म्हणाली, "अहो, दक्षिणा! बुवांना सव्वा रुपया!"

डॉक्टर म्हणाले, चौथ्या महिन्यात वाचा अशी परत येऊ शकते. येत असेल. तो दिवस कुणी नेमला, हे मी आता विचारत नाही. जे माझ्या मोजण्यात येत नाही, ते त्याच्यावर सोडायला मी तेव्हापासून शिकतो आहे.

पाद्रीबुवा पैसे घेईनात. मी म्हणालो, "रेव्हरंड, आमच्यात कीर्तन फुकट ऐकत नाहीत." तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. दिले ते असे: एक डॉलरची नोट आणि पंचवीस सेंटचं एक नाणं, आईच्या हातून त्यांच्या हातात. पावती मी मागितली नाही.