माजी महापौर, त्यांचे मिस्टर आणि माझं माहेर

वाघ बघायला पैसे पडतात, माहेर फुकट आहे. म्हणून कॅनडाचे पाहुणे मी नागझिऱ्याला न नेता अर्जुनी मोरगावकडे नेले. माझी संध्या तिकडे ज्यांच्या घरात भाड्याने राहते ते हे जोडपं, मार्गरेटबाई आणि त्यांचे मिस्टर जॉर्ज. बाई तिथल्या शहराच्या माजी महापौर. "आई, त्यांना खरं गाव बघायचंय," संध्या म्हणाली. माझ्याकडे खरं गाव एकच, आणि तिथली सरपंच माझी कौसल्यावहिनी. म्हणजे कागदावर वहिनी, खुर्चीत माझा भाऊ दिवाकर. सभा झाली की ठरावाचं रजिस्टर स्वयंपाकघरात येतं, वहिनी हात पुसून सही करते.

देवापुढे दिवा लावून गोंदियाहून सकाळची पॅसेंजर धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, तिकीट चहा-समोशाच्या भावात पडतं. डबा मात्र घरचाच न्या. आमच्या तिखट पुऱ्या सौंदडच्या आधीच संपल्या. बाहेर कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले. जॉर्जना ती झोपड्यांची वस्ती वाटली.

गाडीत बाईंनी आपली कारकीर्द सांगितली, संध्या मराठी करत होती. आधी वाचनालयात नोकरी, मग शाळा समिती, मग नगरसेवक. एकदा पडल्या, मग दोनदा महापौर. तिसऱ्यांदा बर्फाने पाडलं. रस्ता साफ करणाऱ्या गाड्यांनी बर्फ लोकांच्या फाटकापुढे लोटला होता. पूल बांधला, वाचनालय वाढवलं, लोकांच्या लक्षात राहिला तो ढीग. म्हटलं, आमच्याकडे हेच काम तुंबलेली नाली करते.

समोरची म्हातारी ऐकत होती. "काऊन वो, पडली तरी इतक्या दूर फिरून राहिली? आमचा पडलेला तर अजून घराबाहेर नाही निघाला."

अर्जुनीला उतरल्यावर ऑटोचं भाडं आधी ठरवा. पाहुणे पाहून आमचं दुप्पट झालं. "भैया, मेहमान गोरे हैं, मैं तो यहीं की हूँ," म्हटल्यावर जागेवर आलं.

घरी पोचताच वहिनीने मला आडबाजूला घेतलं. आज ग्रामसभेत अंगणवाडीच्या खोलीची जागा ठरणार होती. भावाने ती मित्राच्या शेताजवळ, बोडीच्या काठावर धरली होती. "एवढंसं तळं दिसते, पण खोल आहे, बाई. एखादं लेकरू गेलं पाण्यात, तर सही माझीच राहीन ना!"

"मग दादाला सांग."

"सांगतलं. म्हणे, तू भाकरीकडे पाय."

सभा घराच्याच अंगणात. सभेआधी पाहुण्यांचा सत्कार. भाऊ शाल-नारळ घेऊन उठला, मार्गरेटबाईंच्या समोरून गेला आणि शाल जॉर्जच्या खांद्यावर टाकली. टाळ्या!

"मामा, महापौर ह्या होत्या!" संध्या कुजबुजली.

"मालूम हाय. पण मिस्टर सोबत आले ना? मिस्टर असताना सत्कार मिस्टरचाच होते."

मागे बसलेल्या बायकांना काहीच वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही उशिरा वाटलं. मार्गरेटबाई मात्र पोट धरून हसल्या. सुरुवातीला रस्त्यांच्या तक्रारी त्यांच्या घरीही जॉर्जच्याच नावाने यायच्या म्हणे.

पाणी घेऊन आलेली वहिनी दारात थांबली. तिने संध्याला विचारायला लावलं, "तुमची सभा राहे तवा तुमचे मिस्टर कुठं राहत?"

"घरी," जॉर्ज म्हणाले. "सूप ढवळत."

सभा सुरू झाली, वहिनी आणि मी स्वयंपाकघरात. जॉर्जही चूल बघायला आले. थोड्या वेळाने ग्रामसेवक रजिस्टर घेऊन दारात. "वहिनी, सही."

"काय लिहिलं?"

"तेच जी, बोडीकाठी."

वहिनीने वरणातला डाव जॉर्जच्या हातात दिला, पदर खोचला आणि निघाली. मी मागोमाग, मारुतीला नारळ बोलत.

भाऊ खुर्चीतूनच म्हणाला, "कायले आली? पाहुण्यांचं जेवण?"

"पाहुणेच बनवून राहिले."

सभा अशी हसली की भावाला उठावंच लागलं. वहिनी बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "अंगणवाडी देवळाजवळ. बोडीकाठच्या ठरावावर मी सही नाही करत."

"दिवाकरभाऊले तं विचारा," कोणीतरी ओरडलं.

"घरी विचारलं. इथं सांगून राहिली."

पहिला हात वर केला तो मागे बसलेल्या तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने. मग बाकीच्या बायकांनी, आणि बायकांकडे बघत पुरुषांनी. जागा बदलली.

वरण खाली लागलं होतं. पाहुण्याने केलेलं, म्हणून सगळ्यांनी गोड मानून खाल्लं. भावाने तर दोनदा घेतलं.

संध्याकाळच्या गाडीने परत. शाल जॉर्जच्याच गळ्यात होती. बाई म्हणाल्या, आज ती त्याने कमावली. गोंदियाला उतरल्यावर घरी जायच्या आधी मारुतीला नारळ फोडला. सबंध सहलीत घासाघीस न करता घेतलेली वस्तू तेवढीच.

पाहुणे गेले. माहेर बदललं असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या कामासाठी लोक अजून भावालाच गाठतात. पण परवा भर दुपारी त्याचा फोन आला. आवाज दबका.

"बाई, वरणात मीठ किती टाकू?"

"वहिनीला विचार ना."

"तिले कसं विचारू? ती सभेत हाय."