हातचा एक क्विंटल

कापूस ग्रॅममध्ये मोजणारी वऱ्हाडात मी एकटीच असेन. पण प्रोग्राम लिहिताना दशांशाची कटकट नको, सगळे आकडे पूर्णांकच हवेत, हा माझा हट्ट. अमरावतीत घरी बसून मी तो सी भाषेत लिहिला. माझी कॉलेजची मैत्रीण अकोल्याची. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगला लागून तिच्या अब्बांचा वजनकाटा. मी त्यांना चाचा म्हणते. आमच्या भरवशावर त्यांनी तो प्रोग्राम काट्याला जोडू दिला. हंगामाची एकूण बेरीज दाखवणारा लाल दिव्यांचा फलक फाटकावर लावायची हौस मात्र आम्हा दोघींची.

हंगाम ऐन भरात असताना मैत्रिणीचा फोन आला. फलकावरची बेरीज चक्क उणे दिसत होती. मी मिळेल त्या बसमध्ये चढले. मूर्तिजापूर येईपर्यंत मांडीवरच्या लॅपटॉपवर मैत्रिणीने पाठवलेले काट्यावरचे आकडे घालून पाहिले, तर बेरीज चोख! आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. शेजारच्या बाई दचकल्या इतक्या जोरात मी समोरच्या सीटवर थाप मारली. माझ्याकडचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, ‘लाँग’ नावाच्या पूर्णांकाला आठ बाइट जागा देतो. काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा दुसरा कंपायलर चारच देतो. चार बाइटांत एकवीस हजार क्विंटलच्या थोडं पुढपर्यंतचे ग्रॅम मावतात, त्यापुढे आकडा उलटून उण्यात जातो. म्हणजे तेवढा कापूस आमच्या काट्यावरून गेला होता! चूक सापडल्याचा आनंद आधी झाला, काळजी नंतर.

काळजी पोचल्यावर समजली. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती, आणि पहिल्याच ट्रॅक्टरवरचे काका तो मागे वळवायच्या बेतात होते. “बेरीजच उलटी होऊन राहिली, त तुमच्या काट्याचं वजन खरं कावून मानू मी?” त्यांनी चाचांना तोंडावर विचारलं. एकेका गाडीचं वजन बरोबरच होतं, पण हे पटवणार कसं? ते वळले असते तर मागची रांगही वळली असती, आणि चाचांनी उभ्या आयुष्यात कमावलेला भरवसा तिच्याबरोबर गेला असता. रांगेतून कोणीतरी विचारलं, हे बनवलं कोणी. मी पुढे होणार, तोच चाचा म्हणाले, “मी लावलं. जे इचारायचं ते मले इचारा.” मग त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि थोडा वेळ मागून घेतला.

खोलीत शिरून मी बेरजेसाठी सगळीकडे आठच बाइट घेणारा प्रकार वापरला. कॉम्प्युटर लगेच सुधारला. मैत्रिणीने मला मिठी मारली, आणि तेवढ्यात फलकावर नुसती शून्यं उमटली. त्याच्या आतल्या चिपचा कंपायलर तिसराच, आणि त्याच्या सोयींमध्ये एवढा मोठा आकडा छापताच येत नव्हता.

बाहेर कापूस खाली करून निघालेली एक ट्रॉली काट्यावर आली, आणि चाचांनी रिवाजाप्रमाणे तिच्यातल्या कापसाचं निव्वळ वजन मोठ्याने पुकारलं. फलक आला तरी त्यांनी पुकारणं सोडलं नव्हतं. छत्तीस क्विंटल, चाळीस किलो. क्विंटल वेगळे, किलो वेगळे. मी ताडकन उठले. एक क्विंटल म्हणजे लाख ग्रॅम. एवढा अवाढव्य आकडा एकाच खणात कोंबायचा कशाला? दोन लहान आकडे ठेवायचे, एकात क्विंटल, दुसऱ्यात ग्रॅम. ग्रॅम लाखाला पोचले की लाख वजा करायचे आणि हातचा एक क्विंटल पलीकडे द्यायचा. शाळेतली बेरीज! निदान चार बाइटांचा लाँग तर यातला प्रत्येक कंपायलर देत होताच. मी मैत्रिणीला ओरडून सांगत होते आणि ती माझ्या हातून कीबोर्ड ओढत होती. साठवलेली सगळी वजनं आम्ही पहिल्यापासून पुन्हा मिळवली. माझा लॅपटॉप, खोलीतला कॉम्प्युटर, फाटकावरचा फलक: तिन्हींवर अंकन् अंक तोच. मी त्या एवढ्याशा खोलीत नाचले.

काकांचा विश्वास लगेच बसला नाही. पण त्यांनी ट्रॅक्टर काट्यावर चढवला. भरलेला तोलला, आत जाऊन खाली झाला, रिकामा तोलला. चाचांनी निव्वळ कापूस पुकारला, तो काकांनी फलकावरच्या बेरजेत ओठांतल्या ओठांत मिळवला आणि मान वर केली. फलक बदलला. चाचांना हात करून काका फाटकाबाहेर पडले, आणि मागचा ट्रॅक्टर काट्यावर आला.

आता कोणीच काही विचारलं नव्हतं. तरी चाचा खोलीच्या दारात आम्हा दोघींच्या पुढ्यात उभे राहिले आणि रांगेकडे तोंड करून म्हणाले, “हे माह्या दोन पोरीयनं बनवलं.”

चाचांना मुलगी एकच आहे.