दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग

उस्ताद जन्मात कधी दुसऱ्याच्या गाडीत झोपले नव्हते. लांब पल्ल्याची बस चालवण्यात त्यांची हयात गेली. पण प्रवासी म्हणून बसायची वेळ आली की पंचाईत. डोळे रस्त्यावर खिळलेले आणि उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबतोय. लेकीने पार्सलची व्हॅन घेतली, पहिली चक्कर बापाला शेजारी बसवून मारली आणि उतरताच म्हणाली, "बाबा, निम्मी गाडी तुम्हीच चालवलीत. आता निम्मे खोकेही तुम्हीच उचला."

अशा माणसाच्या पित्ताशयात खडे निघाले. कापाकापीला उस्तादांची ना नव्हती. पण "पूर्ण भूल द्यावी लागेल," असं कानावर पडताच त्यांनी शर्टाची बटणं लावायला घेतली.

"झोपलो आणि उठलोच नाही तर?"

हे ते मोठ्याने एकदाच म्हणाले. मनातल्या मनात मात्र दाढी करताना, चपला घालताना, वाटेल तेव्हा म्हणत राहिले. ऑपरेशनची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. पोटात कळ उठली की घामाने बनियन भिजायचं. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की खडा सरकून अडकला तर जिवावर बेतेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला दवाखान्यात बोलावलं. उस्तादांनी त्यांचीच उलटतपासणी घेतली.

"सुई टोचून तुम्ही जाता कुठे?"

"कुठेच नाही. तुमच्या डोक्याशी बसते."

"शेवटपर्यंत?"

"तुम्ही डोळे उघडेपर्यंत. नाडी, श्वास, सगळं बघत."

"आणि डुलकी लागली तर?"

"तुम्हाला लागायची का, बस चालवताना?"

"छे! भलतंच काय!"

"मग मलाही नाही."

उत्तर पटलं, पण गळ्याखाली उतरेना. घरी बायको कपडे पिशवीत भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमच्या पाठीमागे बसभर माणसं तोंडं उघडी टाकून घोरायची. त्यांना ठाऊक होतं का, पुढे कोण बसलंय ते?"

"नव्हतं."

"ठाऊक असतं तर एकाचाही डोळा लागला नसता!"

उस्ताद हसले, पण वाक्य मनात रुतून बसलं. इतकी वर्षं ती सगळी माणसं आपापलं जगणं त्यांच्या पाठीशी ठेवून बिनघोर निजत होती. आरशात ती दिसायची, रोज दिसायची. उस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं होतं, पण त्यांच्या जागी स्वतःला कधी बसवलं नव्हतं.

सकाळी दवाखान्यात निघताना ते व्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन आडवे झाले. "मी झोपणार आहे," त्यांनी जाहीर केलं.

लेक चकित. "तुम्ही? माझ्या गाडीत?"

"आज इथे जमलं, तर तिथेही जमेल. चल, घे गाडी."

गाडी निघाली. बायको पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "गिअर बदल!"

"बाबा, डोळे मिटा!"

"मिटलेत!"

"मग आरशातून माझ्याकडे कोण बघतंय?"

उस्तादांनी चादर तोंडावर ओढली. पाय ताठ होता, त्याला त्यांनी दटावलं. इंजिनाचा आवाज कानांतून छातीत उतरला. कुणीतरी चालवतंय, आपण नाही. यातली भीती कधी गळाली आणि ते नुसतं खरं कधी झालं, ते त्यांना कळलंच नाही.

"बाबा, उतरा."

ते धडपडून उठले. "पुलावरची गर्दी?"

"गेली मागे."

"तो चढ?"

"तोही गेला. घोरत होतात."

उस्ताद उतरले ते लढाई जिंकल्यासारखे. दारावरच्या रखवालदाराला, लिफ्टवाल्याला, हाताला पट्टा बांधणाऱ्या नर्सला ते सांगत सुटले, "मी झोपलो होतो! आणि उठलो!" लोकांना वाटलं, याला भूल आधीच चढलीय.

टेबलावर दिवे डोळ्यांत घुसत होते. भीती होतीच. नाही कशाला म्हणा? पण त्यांनी मान मागे वळवून बघितलं, तर डॉक्टरीणबाई खरोखरच डोक्याशी बसल्या होत्या.

"चला बाई," ते म्हणाले, "सोडा गाडी."

मग काही नाही. अंधारसुद्धा नाही, अंधार असायला तो बघणारं कुणी लागतं.

"काका, डोळे उघडा." डोक्याशी डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

उस्ताद वैतागले. "अहो, सुरू तरी करा! किती ताटकळत ठेवायचं माणसाला?"

"झालं सगळं, काका."

"काय झालं?"

"ऑपरेशन."

त्यांचा हात चाचपडत पोटावर गेला. पट्ट्या लागल्या. समोर बायको पदराने नाक पुसत होती. लेक हसत होती, रडत होती, नक्की काय ते तिलाही सांगता आलं नसतं. उस्तादांच्या पोटातून हसू उसळलं आणि टाक्यांतून अशी सणक गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"हसू नका, काका, दुखेल!"

"दुखतंय!" बसलेल्या घशाने उस्ताद सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडले. "अगं ऐकलंस का? दुखतंय! खरंच दुखतंय मला!"