पालथी बाटली

हिमालयातल्या तंबूत, अंधार पडता पडता, शालनताईंनी माझी पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घातली आणि उशाशी पालथी ठेवली. त्या दर हिवाळ्यात बर्फातून चालणाऱ्या. माझी ही पहिलीच चढाई.

“पाणी वरून गोठतं गं. पालथी असली की तोंड मोकळं राहतं.”

“आणि झाकण गळलं तर?”

“तर माझं पाणी तुझं, संशयी बाई!”

भरलेलं भांडं पालथं घालणं माझ्या हातांना पटेना. त्यांची पाठ वळताच मी बाटली गुपचूप सुलटी केली.

सकाळी खिंडीच्या चढावर घसा कोरडा पडला. बाटली तोंडाला लावली, तर ओठांना बर्फाचं कठीण बूच लागलं. आत पाणी खळखळत होतं, मला मात्र थेंब मिळेना.

“गळलं का गं झाकण?” शालनताईंनी आपली बाटली पुढे करत विचारलं. मी मान खाली घालून प्यायले. अविश्वासाचा बर्फही असाच वरून धरत असावा. आतली ओल तशीच असते, फक्त तिला वाट उरत नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतःच बाटली पालथी ठेवली. खाली रुमाल अंथरला, एवढंच.