बटण कोणी बंद केलं?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते तर आत्ता शेजारच्या खोलीत आहेत, खिडकीपाशी खुर्चीत, बहुधा डोळे मिटून. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्यांना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ जड होते — तुमचं कधी होतं का तसं?

गोष्ट तशी लहान. एका कॅमेऱ्याची बॅटरी उतरली, एवढीच. पण ती सांगायची तर आधी बाबांच्या हाताबद्दल सांगावं लागेल.

माझे वडील भिवंडीला यंत्रमागावर होते. मागावरच्या माणसाच्या अंगात एक सवय मुरते — लाईट गेली की पहिला हात बटणाकडे. कारण लाईट परत येते ती सांगून येत नाही. बटण चालू राहिलं तर माग आपला आपण धडधडत सुटतो, धागे तुटतात, मोटर जळते, कोणाचा हात आत असेल तर विचारूच नका. म्हणून अंधार झाला की प्रत्येक जण आधी आपल्या मागाचं बटण बंद करणार, मग बाकीचं.

खडवलीच्या आमच्या घरीही तेच. लाईट गेली की बाबा अंधारात भिंतीला हात लावत सगळ्या घरातून फिरायचे. खट. खट. खट. ताईला आणि मला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो ऐकताना झोप यायची. बाबा फिरतायत, म्हणजे सगळं नीट आहे. टीव्ही रिमोटने बंद केला तरी ते उठून खालचं बटण बंद करायचे. म्हणायचे, "लाल दिवा जळतोय ना? म्हणजे आत काहीतरी चालू आहे. दिसत नाही म्हणून बंद थोडंच असतं?"

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मिरवायला सांगत नाही. त्यासाठी कोणी काय केलं ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून सांगतो. बाबा दुसऱ्याची पाळीही करायचे. ताईने दहावीनंतर शाळा सोडली आणि घरी मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करायला लागली. मी कल्याणला कॉलेजात जाताना माझ्या शर्टाला इस्त्री तिचीच असायची. पुढे मला ठाण्याला, नौपाड्यात, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली. डोंबिवलीत तिघांत एक खोली घेतली. आणि थोडे पैसे साठल्यावर कॅमेरा घेतला — तळहातावर मावेल एवढा, चंदेरी, डिजिटल. आमच्या घरात आलेली ती पहिली वस्तू, जिची कोणाला गरज नव्हती.

त्याच वर्षी ताईचा साखरपुडा ठरला. घरीच, अंगणात मांडव घालून. काका म्हणाले, टिटवाळ्याचा फोटोवाला सांगून ठेवतो. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "फोटोवाला कशाला? मी आहे ना." बाबा केवढे खूश झाले! येईल त्याला सांगत सुटले — "फोटो आमचा ग्रॅज्युएटच काढणार आहे." ताईने मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "ए शहाण्या, बाकीचे हवे तसे काढ. माझा आणि बाबांचा एक मात्र नीट काढ. ते कुठल्या फोटोत नसतातच रे. कायम मागावर."

एवढंच मागितलं होतं तिने. एक फोटो.

आदल्या संध्याकाळी मी नदीवर गेलो. भातसा त्या वेळी कशी दिसते ते मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. पाणी वाहतंय की थांबलंय ते कळत नाही, पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यातून बाहेर येतायत, त्यांच्या पाठीवर उन्हाचा शेवटचा तुकडा. मी फोटो काढत राहिलो. बगळ्यांचे, म्हशींचे, माझ्याच लांबलेल्या सावलीचे. मला वाटत होतं, हे सगळं माझं झालं. खडवलीतून बाहेर पडलेला मुलगा परत आलाय आणि नदी त्याच्यासाठी थांबलीय — असलं काहीतरी मनात चाललं होतं. हसू येतं ना? मलाही येतं. पण इतका सुखी मी नंतर फारसा झालो नाही.

घरी येऊन ओट्यावर आडवा झालो आणि तेच फोटो पुन्हापुन्हा पाहिले. त्या कॅमेऱ्याला थोडा वेळ हात लावला नाही की तो आपोआप बंद व्हायचा. ऑफिसात लोकांना फोटो दाखवताना त्याचा वैताग यायचा, म्हणून मी ती सोय काढून टाकली होती. त्यामुळे तो आता बंद होत नव्हता, नुसता डोळे मिटायचा. पडदा काळा आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका — लागतो, विझतो, लागतो.

मी तो उशाशी ठेवला. लाईट गेली. घरात खट, खट सुरू झालं. बाबा फिरत होते. अंधारात तो ठिपका काजव्यासारखा दिसत होता, आणि मी त्याच्याकडे बघत पडलो होतो.

इथेच थांबावंसं वाटतं. कारण तो ठिपका कशाचा आहे हे मला माहीत होतं. माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली होती — आमच्या घरात असल्या पुस्तिका वाचणारा मीच होतो. कॅमेरा असा अर्धवट जागा ठेवला तर बॅटरी आतल्या आत उतरत जाते, हे मला माहीत होतं. हात लांब करायचा होता, बास. उठतो, म्हटलं. आत्ता उठतो. पण अंगावर नदीची गार हवा होती, बाबांच्या बटणांचा आवाज होता... आणि झोप फार गोड होती. चार्जर बॅगेतच राहिला. तो मी बाहेरसुद्धा काढला नव्हता.

सकाळी तोरणं, पाहुणे, शिऱ्याचा वास. लोडशेडिंगची लाईट गेली ती जेवणं होईपर्यंत येणार नव्हती. नवऱ्याकडची माणसं येऊन बसली. अंगठ्या आणल्या गेल्या. ताई मोरपिशी साडीत आली आणि आधी बाबांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. बाबांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. घडीच्या रेघा तशाच होत्या. ते सरळ बसले, हसले.

मी बटण दाबलं. भिंग अर्धं बाहेर आलं आणि अडकलं. पडद्यावर लाल खूण चमकली आणि सगळं काळं झालं.

पुन्हा दाबलं. पुन्हा. मांडवातली सगळी माणसं चेहऱ्यावर हसू धरून बसलेली तुम्ही कधी पाहिलीयत? ते हसू हळूहळू जड होत जातं. सगळे माझ्याकडे बघत होते. आमचा ग्रॅज्युएट. मी आहे ना म्हणालेला. माझे कान तापले, आणि तोंडातून निघालं —

"काल चार्जिंगचं बटण कोणी बंद केलं?"

बस. एवढंच. मी बाबांचं नाव घेतलं नाही. कितीतरी वर्षं मी यामागे लपलो — मी नाव कुठे घेतलं? मी तर फक्त विचारलं. पण त्या घरात बटणं कोण बंद करतं हे कोणाला माहीत नव्हतं? सगळ्या माना एकदम बाबांकडे वळल्या. त्या तशा वळणार हे मला ठाऊक होतं. प्रश्न तोंडातून निघायच्या आधीच ठाऊक होतं.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे दादा, तुझ्या त्या बटणांनी घात केला की रे!"

ताईचे होणारे सासरे मोकळ्या स्वभावाचे. म्हणाले, "व्याहीबुवा, लाईटबिल वाचवलंत आणि फोटो घालवलात!" मांडव हसला.

बाबा सगळ्यात शेवटी हसले. त्याआधी त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं — तळवा वर करून, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे. म्हणाले, "माझंच काम असेल ते. लाईट गेली ना काल... सगळी बटणं... लक्षातच आलं नाही." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात — "चुकलं रे बाळा."

ते मला चुकलं म्हणाले. आणि मी काय केलं? मी मान हलवली. असू दे, अशा अर्थाने. मी त्यांना माफ केलं.

ताई म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा," आणि त्यांच्या शर्टाची बाही उगाच नीट केली. नवऱ्या मुलाच्या भावाने मोबाईलवर दोन फोटो काढले. नखाएवढे, पुसट. त्यात बाबा नाहीत. ते तोवर पाण्याचं बघायला म्हणून उठून गेले होते.

लग्नात फोटोवाला होता. अल्बममध्ये बाबा आहेत, ताईशेजारी उभे. हात पाठीमागे बांधलेले.

त्यानंतर बाबांनी बटणाला न विचारता हात लावला नाही. मला हे लगेच कळलं नाही. दिवाळीत घरी गेलो, लाईट गेली, आणि मी अंधारात वाट बघत राहिलो. खट आलंच नाही. आला तो आवाज — "हे बंद करू का रे? काही लावलंय का तुझं?" आता ते माझ्याकडे डोंबिवलीला राहतात. पंखा बंद करायचा तरी विचारतात. माझी मुलगी म्हणते, "आजोबा, विचारता काय सारखं? करा ना!" ते हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

गेल्या महिन्यात ताईने टिटवाळ्याला नवं घर घेतलं. सगळे जमलो. फोटो सुरू झाले तसे भावजी ओरडले, "मोबाईल सांभाळा रे, बाबा आलेत!" तो विनोद आमच्यात अजून चालतो. सगळे हसले, बाबाही हसले. ताईही. आणि मीसुद्धा हसलो — खरं तर जरा मोठ्याने. हसताना बाबांकडे लक्ष गेलं. सोफ्यावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली सरकवून.

काल संध्याकाळी मी माळ्यावरून तो कॅमेरा काढला. बॅटरी अजून थोडा वेळ धरते. चार्ज करून तो चालू केला, टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. पडदा विझला. हिरवा ठिपका लागला, विझला, लागला. घरात बाबा आणि मी, दुसरं कोणी नव्हतं. का केलं मी तसं? खरंच सांगतो, माहीत नाही. कदाचित बाबांनी येऊन बघावं असं वाटत असेल.

ते आले. चष्मा वर सारून खाली वाकले. कॅमेरा त्यांनी ओळखला की नाही, मला कळलं नाही.

"हे चालू आहे वाटतं आत," म्हणाले. "बंद करू का रे?"

आता, असं वाटलं. वाक्य तयार होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"करा," मी म्हणालो.

त्यांना बटण सापडेना — ते बारीक, त्यांची बोटं मागावरची. मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी दाबलं. ठिपका विझला, तरी खात्री करायला ते थोडा वेळ बघत राहिले. मग मान हलवली आणि आपल्या खुर्चीकडे गेले. मी कॅमेरा हातात घेऊन तसाच बसून राहिलो.